उदयशंकर आणि चालण्याचा तास

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा ग्रुपवर जो तो शाळेच्या आठवणी लिहायला बसला होता. बाईंचा मार, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, स्नेहसंमेलनातल्या फजित्या हे सगळं या अंकात येणारच आहे. म्हणून मी जरा वेगळ्या वाटेने जाते. आपल्या शाळेशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा एका माणसाचं आयुष्य मला सांगायचं आहे. त्यांचं नाव उदयशंकर. आपल्यातले बरेच जण त्यांना सतारवादक रविशंकर यांचे थोरले भाऊ म्हणून ओळखत असतील. एके काळी मात्र परिस्थिती उलटी होती. जगाला उदयशंकर ठाऊक होते आणि रविशंकर हा त्यांच्या ताफ्यातला धाकटा, गोड चेहऱ्याचा मुलगा होता.

आपल्या पिढीला नाच भेटला तो दोन ठिकाणी. एक लेझीम. पटांगणावर शिट्टी वाजली की दोनशे मुलं एकदम वाकायची आणि एकदम उठायची. त्यात कोणाला नाचता येतं आणि कोणाला नाही, असा प्रश्नच नव्हता. दुसरं ठिकाण गॅदरिंग. तिथे मात्र निवड व्हायची, येणारे पुढच्या रांगेत आणि न येणारे पडद्यामागे. लेझमीवर ताल न चुकणाऱ्या मुलीला गॅदरिंगच्या वेळी ‘हिला नाच येत नाही’ असं का ठरवलं जातं, हे कोडं मला तेव्हाही होतं. नाच म्हणजे नेमकं काय, तो कोणाचा, आणि माणसाला तो लागतोच कशाला? उदयशंकर यांनी सगळं आयुष्य याच प्रश्नांवर खर्च केलं, असं त्यांच्याबद्दल वाचताना मला वाटत आलं आहे.

८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूरला त्यांचा जन्म झाला. गावावरूनच मुलाला नाव मिळालं. कुटुंब बंगाली. वडील श्यामशंकर चौधरी हे संस्कृतचे पंडित आणि बॅरिस्टर, राजस्थानातल्या झालावाड संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. ते बहुतेक काळ दूरच असायचे. आई हेमांगिनी मुलांना घेऊन आपल्या माहेरच्या बाजूला, गाझीपूरजवळच्या नसरतपूरला राहायची. तिथे मातादीन नावाचा एक म्हातारा चर्मकार नाचत असे. त्याचा नाच बघायला छोटा उदय धावायचा आणि घरी येऊन आरशासमोर किंवा एकांतात तसंच करून पाहायचा. ज्या नर्तकाने पुढे पॅरिस आणि न्यूयॉर्क जिंकलं, त्याचं नाचाशी पहिलं नातं एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या अंगणात जुळलं. कुठलीही शास्त्रीय तालीम तेव्हा त्याच्या वाट्याला आली नव्हती. मातादीनचं नाव चरित्रकारांनी जपलं, त्यापलीकडे त्याच्याबद्दल फारसं काही हाती लागत नाही.

मुलाची चित्रकला चांगली होती. म्हणून १९१८ मध्ये त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं गेलं. त्याच काळात तो गांधर्व महाविद्यालयातही शिकला, म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या संस्थेत. दोन वर्षांनी, १९२० मध्ये, तो वडिलांकडे लंडनला गेला आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. प्राचार्य होते विल्यम रोथेनस्टाइन. भारतीय विद्यार्थ्याने युरोपची नक्कल करू नये, आपल्या परंपरेकडे बघावं, असं या गृहस्थांचं मत होतं आणि त्यांनी उदयला ब्रिटिश म्युझियममधल्या भारतीय शिल्पांकडे वळवलं. या तरुणाने नटराज आणि अप्सरा नीट निरखल्या त्या लंडनमध्ये, काचेच्या कपाटांतून. पुढे त्याच्या नाचात शिल्पासारख्या ठाम उभ्या मुद्रा दिसतात, त्यांचं मूळ बहुधा या निरखण्यात आहे.

वडील लंडनमध्ये हौशी मंडळींचे हिंदी कार्यक्रम बसवायचे आणि त्यांत मुलगा नाचायचा. त्याचं नाव अ‍ॅना पाव्हलोवापर्यंत पोहोचलं. रशियन बॅलेची ही सम्राज्ञी तेव्हा पौर्वात्य विषयांवर काहीतरी करायच्या विचारात होती. उदयने तिच्यासाठी ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ अशा दोन रचना बसवल्या. १९२३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन इथल्या ऑपेरा हाउसमध्ये त्या सादर झाल्या. पाव्हलोवा राधा, आणि चित्रकलेचा हा तेवीस वर्षांचाही पुरता न झालेला विद्यार्थी कृष्ण! तिच्या संचाबरोबर त्याने अमेरिकेचा दौराही केला. आपल्याला बॅले शिकवावा अशी त्याची इच्छा होती. पाव्हलोवाने त्याला उलट दिशा दाखवली. तुझ्या देशाचं नृत्य तू शोध, असा तिचा आग्रह होता. रोथेनस्टाइन आणि पाव्हलोवा, दोघेही परके, आणि दोघांनीही त्याला घराकडे वळवलं. चित्रकलेला मात्र तो पारखा झाला आणि याचं रोथेनस्टाइनना वाईट वाटलं.

त्यानंतरची काही वर्षं पॅरिसमध्ये हलाखीची गेली. मिळेल तिथे, अगदी कॅबरेमध्येही, त्यांना नाचावं लागलं. (इथून पुढे त्यांना ‘ते’ म्हणते, पोट भरायला लागलेल्या माणसाला एकेरी कसं म्हणायचं!) तिथे सिमॉन बार्बिये ही फ्रेंच मुलगी त्यांच्याकडे शिकू लागली. तिचं ‘सिमकी’ झालं आणि ती कित्येक वर्षं त्यांची जोडीदार नर्तकी राहिली. ॲलिस बोनर ही स्विस शिल्पकार स्त्री त्यांच्या हालचालींचे अभ्यास करता करता त्यांच्या स्वप्नात सामील झाली. तिच्याकडे पैसा होता आणि तिची दृष्टी पक्की होती. १९३० च्या सुमारास दोघांनी भारतभर प्रवास केला, मंदिरं पाहिली, नाच पाहिले, वाद्यं गोळा केली. मग सगळं कुटुंबच पॅरिसला नेण्यात आलं. आई, भाऊ राजेंद्र आणि देवेंद्र, काका केदार, चुलत बहीण कनकलता आणि दहा वर्षांचा रवि. जानेवारी १९३१ मध्ये पाव्हलोवा वारली. मार्चच्या ३ तारखेला पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरात उदयशंकर यांच्या स्वतःच्या संचाचा पहिला प्रयोग झाला. तिला तो पाहायला मिळाला असता तर, असं मला राहून राहून वाटतं.

पुढची सात वर्षं हा ताफा युरोप-अमेरिकेत फिरत राहिला. तांडव, इंद्र, गंधर्व, गारुडी, गवत कापणाऱ्या बाया, सुगीचा नाच. देवही होते आणि कष्टकरीही होते, एकाच रंगमंचावर आणि सारख्याच दिमाखात. त्यांच्या हातांतून खांद्यापासून बोटांपर्यंत एक लाट जायची, ती पाहायला लोक गर्दी करायचे. संगीतात एकही विलायती वाद्य नव्हतं. सुरुवातीला तिमिरबरन भट्टाचार्य आणि पुढे विष्णुदास शिराली यांनी ही बाजू सांभाळली. शिराली हे पलुसकरांचे शिष्य, त्यामुळे गांधर्व महाविद्यालयाशी असलेला धागा इथे पुन्हा जुळला. या मंडळींची पद्धत नेहमीच्या उलट होती. आधी हालचाल ठरायची, तिच्यातला ताल ओळखला जायचा आणि मग त्यावर संगीत बांधलं जायचं. म्हणजे ताल तबल्यातून शरीरात जायचा नाही, शरीरातून तबल्यात यायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तालाचं पहिलं वाद्य म्हणजे चालणारी पावलं आणि श्वास हे आपण ऐकलेलं असतं, इथे त्यावर एक सबंध वाद्यवृंद उभा होता.

टीकाही होत होती आणि ती खोटी नव्हती. यांचा नाच कुठल्याच घराण्याचा नाही, पाश्चात्त्यांना हवा तसा पूर्वेचा देखावा आहे, असं जाणकार म्हणायचे. उदयशंकर कथकली शिकले ते गुरू शंकरन नंबुद्री यांच्याकडे, पण तोवर ते नामांकित होऊन चुकले होते. आधी प्रसिद्धी आणि मग शिक्षण असा हा क्रम. माझं मत विचाराल तर त्यांचे सुरुवातीचे काही देवादिकांचे नाच आज फोटोंत पाहताना थोडे कॅलेंडरसारखे वाटतात. पण त्या काळचा भारत डोळ्यांसमोर आणा. नाचणाऱ्या बायकांविरुद्ध मोहिमा चालू होत्या, देवदासींचं नृत्य बदनाम होतं, आपल्याकडे तमाशाच्या फडातल्या स्त्रियांकडे लोक रात्री बघायचे आणि दिवसा तोंड फिरवायचे. चांगल्या घरातली मुलगी नाचणं म्हणजे घराण्याला बट्टा. आणि पुरुषाने नाचणं तर हास्यास्पदच. अशा वेळी बॅरिस्टरचा मुलगा आपली चुलत बहीण, भाऊ आणि काका यांना घेऊन जगभर नाचतो आणि परत येतो तेव्हा रवींद्रनाथ टागोर त्याचं कौतुक करतात, याचा परिणाम व्हायचा तो झाला. त्याच सुमाराला मॅडम मेनका यांनी कथकला प्रतिष्ठा मिळवून देत खंडाळ्याला नृत्यशाळा काढली, मद्रासला रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र उभं केलं. एकट्या उदयशंकर यांचं हे श्रेय नाही, पण पुरुषाच्या नाचाची लाज घालवण्याचं काम बऱ्याच अंशी त्यांचं.

ॲलिस बोनर १९३५ च्या सुमारास संचापासून दूर झाली. तिने ओतलेला पैसा आणि वर्षं पाहता हा निरोप कडू असणार. ती बनारसला अस्सी घाटावर येऊन राहिली आणि मंदिरशिल्पांच्या भूमितीवर तिने आयुष्यभर अभ्यास केला. उदयशंकर यांच्या गोष्टीत माणसं अशी येतात, सर्वस्व देतात आणि बाजूला होतात. हे त्यांच्या मोठेपणाबरोबरच सांगायला हवं.

आता मी ज्या भागासाठी हे लिहायला घेतलं, त्याकडे येते. इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन हॉल नावाची एक प्रयोगशील संस्था होती. ती चालवणारे लिओनार्ड एल्महर्स्ट हे पूर्वी टागोरांबरोबर श्रीनिकेतनमध्ये काम केलेले. १९३६ मध्ये उदयशंकर यांचा संच तिथे राहिला, आणि भारतात असंच एक केंद्र असावं या कल्पनेला तिथे पैशाचं बळ मिळालं. १९३८ मध्ये संच मोडून ते परतले. अल्मोड्याजवळ सिमतोला इथे, पाइनच्या जंगलात, समोर हिमशिखरं, अशा जागी उदयशंकर इंडिया कल्चर सेंटर सुरू झालं. शिक्षकांची यादी वाचून थक्क व्हायला होतं. कथकलीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला बालसरस्वतींचे गुरू कंदप्पा पिल्लै, मणिपुरीला अंबी सिंग, संगीताला मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. खाँसाहेबांची मुलगी अन्नपूर्णा आणि रविशंकर यांचं लग्नही १९४१ मध्ये तिथेच, अल्मोड्यात झालं.

पण इतके दिग्गज असताना सगळ्यांसाठी सक्तीचा तास होता तो खुद्द उदयशंकर यांचा, आणि त्याची सुरुवात व्हायची चालण्यापासून. नुसतं चालायचं. ठेका धरायचा आणि चालायचं. कोणाचे खांदे वर, कोणाचं डोकं पुढे, कोणाचे हात अंगाला चिकटलेले. आपण कसे चालतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. ते कळलं की मग पुढे जायचं, चालण्यात एखादा विचार घालायचा, एखादा प्रसंग घालायचा, शेजाऱ्याकडे बघून त्याला उत्तर द्यायचं. मुद्रा आणि अडवू सकाळी गुरूंकडे शिकायचे ते शिकायचेच, पण या तासाला पाठ केलेलं काही चालायचं नाही. ताल सगळ्यांचा एक, चाल मात्र ज्याची त्याची.

लेझमीच्या पटांगणाशी मी हे ताडून पाहते तेव्हा फरक लक्षात येतो. लेझमीत सगळ्यांनी एकसारखं व्हायचं असतं, आणि त्याचाही एक आनंद असतो. विल्यम मॅकनील या इतिहासकाराने यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात भरती झाल्यावर टेक्सासच्या मैदानावर तासन् तास कवायत करताना आपल्याला जो विलक्षण आनंद झाला, तो कशामुळे, या प्रश्नातून त्याचं पुस्तक निघालं. एका तालात हलणारी माणसं एकमेकांना बांधली जातात, टोळीच्या नाचापासून फौजेपर्यंत, असं त्याचं म्हणणं. वारीत पावली खेळणारा माणूस हे पुस्तक न वाचताही सांगेल. पण ताल बांधतो तेव्हा कशासाठी बांधतो हे विचारत नाही. त्याच काळात युरोपात तालावर पावलं टाकणाऱ्या फौजा निघालेल्या होत्या आणि त्या देशांत उदयशंकर नाचून आले होते. म्हणून एक ताल आणि निराळी चाल, हा चालण्याचा तास मला नुसता व्यायामाचा वाटत नाही.

अल्मोड्याच्या काळातलीच त्यांची रचना म्हणजे ‘लेबर अँड मशिनरी’. तिच्यात गावातली माणसं आहेत, त्यांची कामं आहेत आणि कामाचे आपापले ताल आहेत. जात्यावर बसणारीला ओवी सुचते कारण जात्याला फेर आहे. मोटेवरचा माणूस गातो कारण मोटेला जाणं-येणं आहे. त्या तालाचा वेग माणूस ठरवतो, दमला की तो सावकाश होतो. मग यंत्र येतं आणि नर्तकच यंत्राचे भाग होतात. कोणी दट्ट्या, कोणी चाक, कोणी पट्टा. हात एका कोनात वर, एका कोनात खाली. यंत्राचाही ताल अचूकच असतो, पण तो दमत नाही. मग पिळवणूक, संघर्ष, संप. १९३९-४० च्या आसपास भारतात कोणी कृष्ण-राधा सोडून गिरणीवर नृत्य बसवत होतं, हे वाचल्यावर माझ्यातली इंजिनिअर ताडकन उठून बसली. आम्हाला वर्कशॉपच्या विषयात टाइम अँड मोशन स्टडी होता. कामगाराचा हात किती सेकंदांत कुठून कुठे जातो त्याचा तक्ता काढायचा आणि फालतू हालचाल कमी करायची. परीक्षेत मला चांगले मार्क पडले होते. ती ‘फालतू’ हालचाल म्हणजे बहुतेक वेळा माणसाचा स्वतःचा ताल असतो, हे त्या पुस्तकात नव्हतं. आज आमच्या कामात तर हात फक्त कीबोर्डवर हलतात, आणि ऑफिसात वर्षातून एकदा कोरिओग्राफर बोलावून टीम बिल्डिंगसाठी नाचवतात. आठवणीत राहतो तो जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी टेबलावर धरलेला ठेका.

अल्मोड्याला डोंगरउतारावर भला मोठा पांढरा पडदा लावून त्यांनी छायानाट्यातून रामलीला केली. आसपासच्या गावांतून हजारो माणसं चालत आली. पॅरिस जिंकून आलेल्या माणसाचा हा सर्वांत मोठा प्रेक्षक असावा.

केंद्रातून निघालेली माणसं पाहा. झोहरा मुमताज ही रामपूरच्या खानदानातली मुलगी जर्मनीत मेरी विगमनच्या शाळेत शिकून १९३५ मध्ये संचात आली, अल्मोड्याला शिकवू लागली, तिथल्याच विद्यार्थ्याशी, कामेश्वर सहगल यांच्याशी तिने लग्न केलं. याच त्या पुढे पृथ्वी थिएटर्समधल्या आणि म्हातारपणी सगळ्यांच्या लाडक्या झालेल्या झोहरा सहगल. शांती बर्धन मुंबईला आले, अंधेरीत इप्टाच्या पथकाबरोबर त्यांनी काम केलं आणि मग लिट्ल बॅले ट्रूप काढला. त्यांच्या रामायणात माणसं कठपुतळ्यांसारखी हलतात. सचिन शंकर यांनीही मुंबईत बॅलेचा संच चालवला. आणि एक सतरा-अठरा वर्षांचा अबोल मुलगा, गुरुदत्त पदुकोण. तो अल्मोड्याहून निघाला तो १९४४ मध्ये पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाला आणि तिथे नृत्य बसवण्याचं काम करू लागला. गुरुदत्तच्या सिनेमातली गाणी चालता-बोलता सुरू होतात, त्यांत कॅमेरासुद्धा लयीत चालतो. तिथे अल्मोड्याचा तास दिसतो, असं मी तरी मानते.

केंद्र चार-पाच वर्षंच चाललं. युद्धामुळे परदेशातून येणारी मदत आटली, खर्च झेपेना, आणि चालकाचं मनही दुसरीकडे गेलं होतं. त्यांना सिनेमा करायचा होता. १९४२ मध्ये त्यांचं लग्न अमला नंदी यांच्याशी झालं होतं. या अमला अकरा वर्षांच्या असताना वडिलांबरोबर पॅरिसच्या प्रदर्शनाला गेल्या होत्या, तिथे त्यांनी पहिल्यांदा उदयशंकर यांना पाहिलं आणि त्या नाचू लागल्या. पतिपत्नी मद्रासला गेले आणि जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’चं काम सुरू झालं. लेखक, दिग्दर्शक, निर्माता, नायक सगळं उदयशंकर. संगीत शिरालींचं. संवाद अमृतलाल नागर यांचे. वसईच्या उषा मराठे, म्हणजे आपल्या उषा किरण, यांनीही पडद्यावर पहिलं पाऊल टाकलं ते याच चित्रपटात.

काही वर्षं खपून १९४८ मध्ये ‘कल्पना’ प्रदर्शित झाला. गोष्ट अशी की एक लेखक निर्मात्याला पटकथा ऐकवतो आहे. पटकथेत उदयन नावाचा नर्तक, हिमालयात कलाकेंद्र उभारण्याचं त्याचं वेड, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या दोघी. निर्मात्याचं लक्ष गल्ल्यावर. शेवटी तो पटकथा नाकारतो. प्रत्यक्षातही तेच झालं. चित्रपट पडला, पैसा बुडाला. मी तो काही वर्षांपूर्वी पाहिला. गोष्ट विस्कळीत आहे, भाषणं फार आहेत, दोन्ही नायिकांची भांडणं कंटाळवाणी आहेत. पण नाच सुरू झाला की मान हलवता येत नाही. यंत्र झालेली माणसं, सावल्या, कॅमेऱ्याने केलेली कोनांची कमाल. तरुण सत्यजित राय यांनी हा चित्रपट पुनःपुन्हा पाहिला आणि अंधारात बसून पडद्याचे फोटो काढले, त्यात नवल नाही.

या चित्रपटामागे एक घाई होती, असं मला वाटतं. गाण्याची रेकॉर्ड निघते, चित्र भिंतीवर राहतं. नाच मात्र नाचणाऱ्याबरोबर संपतो. शास्त्रीय नृत्याला निदान परंपरेचा आधार असतो, तेच अडवू पुढची पिढी तसेच शिकते. उदयशंकर यांच्या नाचाला व्याकरण नव्हतं, लिपी नव्हती, तो एका माणसाच्या डोक्यात आणि अंगात होता. आमच्या धंद्यात सगळी सिस्टिम एकाच माणसाला कळत असेल तर मॅनेजरची झोप उडते. केंद्र बंद पडल्यावर, पंचेचाळिशीकडे झुकलेल्या त्या नर्तकाची झोप उडालीच असणार. म्हणून त्यांनी होतं नव्हतं ते फिल्मवर उतरवलं. नंतर त्यांच्या नावाचं घराणं उभं राहिलं नाही. शिष्यांनी आपापल्या वाटा काढल्या आणि त्या कामाला सरसकट ‘क्रिएटिव्ह डान्स’ असं काहीसं ढिलं नाव पडलं. गुरूने ज्याची त्याची चाल शोधायला लावली, तर शिष्य गुरूसारखे चालणार कसे?

पुढच्या काळात चढउतार होत राहिले. बुद्धाच्या जीवनावर छायानाट्य झालं, १९६१ मध्ये टागोरांच्या जन्मशताब्दीला त्यांच्या कवितेवरचं ‘सामान्य क्षती’ झालं, त्याला संगीत रविशंकर यांचं. १९६५ मध्ये कलकत्त्याला पुन्हा केंद्र सुरू झालं, ते प्रत्यक्षात अमलाच चालवत. १९७० मध्ये, सत्तरी गाठताना, या गृहस्थांनी ‘शंकरस्कोप’ नावाचा खेळ केला. पडद्यावर सिनेमा चालू असताना त्यातला माणूस पडद्यातून बाहेर पडून रंगमंचावर येतो आणि रंगमंचावरचा आत शिरतो. त्या वयात, दुखण्यातून उठल्यानंतर, हा उद्योग! १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. घर मात्र दुभंगलं होतं, शेवटची वर्षं ते अमलांपासून वेगळे राहत होते. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यात ते गेले.

‘कल्पना’ दुर्मीळ होत गेला. त्याची डुप्लिकेट निगेटिव्ह राहिली ती आपल्या पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. लॉ कॉलेज रोडवरून आपल्यातले कितीतरी जण रोज गेले असतील, आत त्या डब्यांत काय आहे याची कल्पना नसताना. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संस्थेने पुढाकार घेतला, सामग्री इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत गेली, एकेक फ्रेम साफ झाली, आणि मे २०१२ मध्ये कान महोत्सवात तो चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. प्रेक्षकांत अमलाशंकर होत्या. वय त्र्याण्णवीच्या घरात, रेशमी साडी, ताठ मान. पडद्यावर त्या पंचविशीतल्या नाचत होत्या. त्यानंतरही त्या आठ वर्षं जगल्या. २०२० च्या जुलैमध्ये गेल्या तेव्हा वयाची शंभरी ओलांडून वर्ष झालं होतं.